वायर उपटणारे साडू

सल्ला मागायला आलेल्या माणसाला आधी चार शिव्या, मग चहा आणि सगळ्यात शेवटी सल्ला, या क्रमाने पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, साडू मात्र होते तसेच आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, आणि त्या 'पाव्हणं'ला असा काही जोर असतो की आपण आठ दिवसांपासून त्यांच्या घरी फुकटचं जेवतोय असं वाटावं. हे मी प्रेमाने लिहायला बसलो होतो, पण पहिल्या चार ओळींतच राग आला. त्यांच्याबद्दल काही लिहायचं तर तो यायचाच.

आम्ही दोघं एकाच दूध संघात. ते संगमनेरच्या मुख्य कचेरीत, मी तिसगावच्या शीतकरण केंद्रावर व्यवस्थापक. केंद्रावर दूध मोजतात, फॅट काढतात आणि तो आकडा त्याच क्षणी संगमनेरला जातो. तो इंटरनेटच्या ज्या लायनीवरून जातो ती चालू ठेवणं हे साडूंचं काम. लाईन गेली की कॅन घेऊन उभी राहिलेली माणसं माझ्यावर ओरडतात, मी साडूंना फोन करतो, ते माझ्यावर ओरडतात आणि मग फोन ठेवून लाईनच्या कंपनीवर ओरडतात. लाईन रोज पोचेल याची खात्री नसते, पण हे ओरडणं एकदाही मध्येच तुटलेलं मला आठवत नाही.

त्यांचा आयुष्यातला एकमेव सिद्धान्त म्हणजे, "उपटून बघितल्याबिगर कशावर भरवसा ठिवायचा न्हाई." दुकानदार काय सांगतो ते ऐकायचं नाही, कागदावर काय छापलंय ते वाचायचं नाही. वस्तू चालू असताना, माणसं कामात असताना, कुणाला न सांगता वायर उपटायची आणि काय होतं ते बघायचं. माझ्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीला सत्यनारायणाची कथा ऐन रंगात आली होती, साधुवाण्याची नाव आता बुडणार एवढ्यात गुरुजींचा माईक गेला, पंखे थांबले आणि आत चटणीचा मिक्सर घुर्र करून गप्प झाला. साडू मीटरच्या पेटीपाशी उभे. "बगा! इन्व्हर्टरनं उचललं न्हाई. दुकानदारानं फसवलं तुमाला!" एवढं जाहीर करून ते हात धुऊन पंगतीत जाऊन बसले. उपटायची हौस त्यांची आणि परत लावायचं काम दुसऱ्याचं, हा नियम ते घरीदारी सारखाच पाळतात. त्या दिवशी मेव्हणा बिचारा सोवळं नेसून स्टुलावर चढला होता.

गेल्या वर्ष-दीड वर्षात साडूंच्या रागाला एक नवाच फाटा फुटला. त्यांना पांढऱ्या रंगाच्या नावाने फसवणूक दिसू लागली. घरातल्या भिंतींना पांढरा रंग मागितला आणि पेंटरने पिवळट मारला, म्हणून त्यांनी हमीदभाईला शिडीवरून खाली उतरवला. हमीदभाई जुना, शांत माणूस. तो म्हणाला, "साहेब, याच्यापरीस पांढरं म्हंजी निस्तं कफन." तरी साडूंनी त्याच्याकडून एक भिंत पुन्हा मारून घेतलीच, आणि ती बघून "आता तर लईच पिवळं केलं" म्हणाले. शर्ट धुताना साबण वाचवते म्हणून बायकोशी अबोला धरला. घरी रतीब घालणाऱ्याला तर दारातच अडवलं, "म्हशीचं सांगून गायीचं घालतो व्हय रं? मी दुधात पांढरा झालो, मला दूध शिकिवतो?" त्याने शपथा घेतल्या, म्हैस दाखवायला नेतो म्हणाला. साडूंनी रतीब बंद केला.

असा माणूस असून, किंवा असा आहे म्हणूनच असेल, जिल्ह्यातल्या सगळ्या लाईनवाल्या मंडळींना त्यांचाच सल्ला लागतो. पतसंस्था, कॉलेजं, जिनिंगवाले, जिथे म्हणून चार गावांत शाखा आणि एक मुख्य कचेरी आहे, तिथली माणसं मोबाईलच्या एका ग्रुपवर त्यांना प्रश्न टाकतात आणि साडू आवाजातच उत्तर देतात. मध्यंतरी सगळ्यांना एकच विषय पुरला होता, तो म्हणजे एसडी-वॅन घ्यावं की नको. प्रकार तसा साधा. प्रत्येक शाखेत एक पेटी बसवायची. तिला दोन वेगवेगळ्या लायनी जोडायच्या, एक जमिनीतल्या वायरची आणि एक मोबाईलच्या टॉवरची. एक गेली की पेटी आपणहून दुसरीवर जाते आणि काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेवगावच्या एका पतसंस्थेच्या मॅनेजरने अत्यंत नम्रपणे "आपला अनुभव कळवावा" असं लिहिलं. त्यावर साडूंचा आवाज आला: "अनुभव इचारतो, आन् कुनाला? इकनाऱ्यानं चार नावं दिली आसतील, ते त्याचेच पाव्हणे आसत्यात! जो खुर्चीवर बसून पावती फाडतो त्याला इचार. आन् सगळीकडं एकदम बशिवतो व्हय? आदी तुझी सगळ्यात रडकी शाखा हाय ना, तिथं एक बशीव. दोनी लायनी एकाच खड्ड्यातनं येत आसतील तर कशाला घेतो? एका जेसीबीत दोनी जात्यात. आन् जुनी लाईन लगीच तोडू नको, मूर्खासारखी!" मॅनेजरने हात जोडलेली खूण पाठवली. सल्ला सोळा आणे खरा होता. हाच तर वैताग आहे त्यांचा, की शिव्या वजा केल्या तर माणूस बरोबर असतो.

आमच्या संघानेही एसडी-वॅन घ्यायचं मनावर घेतलं, आणि ज्या कंपनीची पेटी ठरत होती तिने पुण्याहून पाठवली ती साडूंची थोरली लेक, अश्विनी. मुलगी इंजिनीअर, बापासारखीच ताठ, आणि हे तिच्या अंगावर सोपवलेलं पहिलं मोठं काम. दुसऱ्या कुठल्या बापाला धन्य वाटलं असतं. साडूंनी मला फोन केला. "पाव्हणं, पोरीचं म्हनून घेतलं आसं लोकं म्हनत्याल. तिसगावला बशिवतो, तुमच्या रडक्या केंद्रावर. आन् उपटनार मी." माझ्या केंद्राला रडकं म्हटल्याचा राग मी गिळला, कारण ते खरं होतं.

त्या दिवशी सकाळी दुधाच्या ऐन गर्दीत चेअरमन हजर, संचालक हजर, बाहेर कॅनची रांग. अश्विनी पडद्याकडे तोंड करून चेअरमनना आकडे दाखवत होती. मी बाहेर रांगेशी हुज्जत घालत होतो. साडूंनी कुणाला न सांगता हात घातला आणि वायर उपटली. सगळं बंद पडलं. पडद्यावर आकडे येईनात, मापाचं यंत्र गप्प. अश्विनी धावली, पेटीमागची सुटलेली वायर तिने झटकन परत लावली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही लाईनची नाही काढली, पेटीच्या करंटची काढली. लाईनची पिवळी. तुम्ही पांढरी ओढलीत."

"मी पिवळीच उपटली."

"नाना, मी आत्ता माझ्या हाताने पांढरी लावली."

"आपली पेटी पडली म्हनून खोटं बोलती व्हय? बापाम्होरं?"

पेटी पुन्हा उठायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बाहेर रांगेने केंद्र डोक्यावर घेतलं आणि आत चेअरमन खुर्चीवरून उठले. कोणती वायर निघाली ते दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. एकीकडे बारा गावांचं पाणी प्यालेले साडू आणि दुसरीकडे माल विकायला आलेली पोरगी. "नाना खोटं बोलायचे न्हाईत," चेअरमन एवढंच म्हणाले. अश्विनीने पेटी बॅगेत भरली. जाताना ती माझ्या पाया पडली, बापाच्या पडली नाही. आणि साडूंनी तिची गाडी नगरच्या रस्त्याला लागते न लागते तोच ग्रुपवर आवाज टाकला, "तिसगावला माज्या डोळ्यांदेखत बंद पडलं. घिऊ नका." तो आवाज दुपारपर्यंत जिल्हाभर फिरला.

मला त्यांचा राग पूर्वीही यायचा, पण तो जेवणापर्यंत टिकायचा. हा टिकला. पेटी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. चारचौघांत स्वतःच्या लेकीला खोटारडी ठरवून हा माणूस वर जिल्ह्याला सल्ला देत बसला होता. शेवगावच्या पतसंस्थेने ठरलेली बोलणी मोडली, संगमनेरच्या कॉलेजने नको म्हणून कळवलं. कंपनीने अश्विनीकडे खुलासा मागितला, आणि बापाने चुकीची वायर ओढली असं ती कंपनीला सांगणार तरी कशी? तिने बापाचे फोन घेणं बंद केलं. साडू म्हणायचे, "येईल ठिकाण्यावर." मी त्यांना म्हटलं, "साडूभाऊ, तुमची लाज वाटते मला." ते म्हणाले, "वाटू द्या."

पुढच्या एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले. आम्ही नवा इन्व्हर्टर घेतलाय हे त्यांना सांगू नकोस, असं मी बायकोला दोनदा बजावलं होतं. साडू चपला काढत होते तेवढ्यातच तिने ते सांगितलं. साडू तडक कोपऱ्यात गेले. आमच्या वायरमनने इन्व्हर्टरला वीज पोचवायला पिवळी वायर टाकलेली, शेजारची पांढरी फ्रीजची. त्यांनी ओढली, वर दिव्याकडे पाहिलं आणि आश्चर्याने म्हणाले, "टिकला की!"

आतून बायको म्हणाली, "दाजी, फ्रीज बंद पडला."

"फ्रीजचा काय संबंध? मी पिवळी काढलीय."

ती पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "अहो दाजी, पांढरी आहे तुमच्या हातात."

ते तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलेलंही होतं. मग त्यांनी दुसऱ्या हातात ती पिवळी धरली, दोन्ही वायरी ताणून खिडकीच्या उजेडात नेल्या, डोळ्यांजवळ आणल्या, लांब धरल्या. "मला दोनी सारख्याच दिसत्यात," ते म्हणाले, आणि तिथेच फरशीवर बसले. त्यांनी विचारलं, "म्हंजी हमीदनं पांढराच दिला व्हता?" मग म्हणाले, "आन् दूध म्हशीचंच व्हतं." आणि मग, "आन् आश्विनी..." एवढं म्हणून थांबले.

जेवण तसंच ठेवून ते ओट्यावर गेले आणि मोबाईल तोंडाशी धरून त्यांनी जो आवाज टाकला, त्याच्याइतका संतापलेला आवाज मी त्यांचाही कधी ऐकला नव्हता. "मी बोलतोय. तिसगावला पेटी बंद पडली नव्हती, मी पाडली. लाईनची सोडून करंटची उपटली. डोळ्यात मोतीबिंदू आसंल, बगतो, पन तोंडाला कायबी झालेलं न्हवतं आन् त्या तोंडानं मी पोरीला खोटी म्हनलो. ती खरं बोलत व्हती. आता हासा. हासून झालं की ज्यानं ज्यानं माझा आदला आवाज फुडं धाडला त्यानं त्यानं हाबी धाडा, न्हाईतर घरी यिऊन उभा ऱ्हाईन. पेटी घ्यायची का न्हाई ते उपटून बगून ठरवा. नीट बगून." मग आत येऊन ते पानावर बसले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर ओरडले.

अश्विनीने त्यांना उत्तर दिलं नाही. मला मात्र तिचा एका ओळीचा निरोप आला, "काका, डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?" ऑपरेशन झालं. साडूंनी डॉक्टरशी भांडण केलं, ते सांगायला नकोच. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती पेटी घेऊन पुन्हा तिसगावला आली. चेअरमनही आले, पतसंस्थेचा मॅनेजरही आला. साडू काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या खुर्चीवर. ते म्हणाले, "माझी पोरगी सांगतीय ना, मग उपटायचं काय कारन? घिऊन टाका."

ती फिरली. "तसं चालायचं नाही, नाना! तुमच्या शब्दावर मोडलं, आता तुमच्या शब्दावर घ्यायचं?" बाप-लेकीचा आवाज एकच आहे हे मला तेव्हा कळलं. बाहेर रांग चालू होती, कॅन आपटत होते, यंत्र आकडे बोलत होतं. बराच वेळ गेला तसे साडू चुळबुळायला लागले.

"आगं, कवा उपटनार?"

"मघाशीच उपटली."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही सांगून उपटता का?"

चेअरमन हसले, सगळेच हसले. साडूंनी काळा चष्मा काढला. टेबलावर पिवळी वायर सुटी पडलेली होती आणि पांढरी पेटीत होती. त्यांनी दोन्हींकडे नीट पाहिलं. मग मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि बघतच राहिले. तिच्या कानशिलावर चार-पाच केस पांढरे होते.

"हे कवा आलं गं?"

"मागच्याच महिन्यात," ती म्हणाली.

त्यावर ते ओरडतील असं मला वाटलं, निदान कुणावर तरी. ओरडावं असंही वाटलं. पण ते हळूच उठले, टेबलावरची पिवळी वायर उचलली, पेटीमागे हात घालून बोटांनी तिची जागा चाचपली आणि ती परत लावली. त्यांना कुठलीही वायर लावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.