डॉक्टरीणबाईंचा हातगुण

ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. औषधाशी तिचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरताच होता. पण रोज सकाळी साडेदहाला कंपनीत जो बिल्ड होई, तो आजारी पडला की तिलाच बोलावणं जाई, आणि ती नुसती जवळ येऊन उभी राहिली तरी तो बरा व्हायचा. एवढ्या भांडवलावर लोक देव होतात, ती तर फक्त डॉक्टरीण झाली होती.

बिल्ड म्हणजे काही फार अवघड प्रकरण नाही. कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. चाळीस माणसं आपापला तुकडा लिहीत, आणि कोपऱ्यातल्या थंड खोलीतला सर्व्हर रोज साडेदहाला ते तुकडे आपला आपण गोळा करून, जोडून, एक प्रोग्राम तयार करायचा आणि प्रयोगशाळांकडे रवाना करायचा. माणसाने बोटसुद्धा लावायची गरज नाही, असं साहेब येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगत. फक्त डॉक्टरीणबाई रजेवर असल्या की सर्व्हर लाल अक्षरांत एकच रड लावायचा: असेंब्ली सापडली नाही. असेंब्ली म्हणजे बाहेरून तयार आणलेला भाग. हा जो हरवायचा तो नळ्यांवर लावायच्या बारकोडच्या चिकटपट्ट्या छापणारा. तो नसला की कोणाचं रक्त कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही, म्हणून सगळंच थांबायचं.

मग पोरं एकमेकांकडे बघत. "माझ्या मशीनवर तर चालतंय," असं प्रत्येक जण म्हणे, आणि ते खरंही असे, कारण प्रत्येकाच्या मशीनवर त्या भागाची एखादी जुनी प्रत कुठेतरी पडलेली असायची. सर्व्हर मात्र रोज सकाळी स्वतःला धुऊनपुसून कोरा करून कामाला बसायचा. शेवटी कोणीतरी डॉक्टरीणबाईंना फोन लावायचं.

ती यायची. पर्स खुर्चीला अडकवायची, आपला कॉम्प्युटर चालू करायची, आणि तपासायला बसायची. कधी जुन्या फायली पुसायची, कधी सर्व्हर बंद करून चालू करायची, कधी आवृत्तीचा आकडा बदलून पुन्हा होता तसा करायची. बिल्ड पार पडायचा. जे शेवटचं केलं तेच औषध, असं धरून ती ते एका निळ्या वहीत लिहून ठेवी. अकरा वर्षांत वहीत तेवीस उपाय जमले होते आणि तेवीसच्या तेवीस रामबाण होते. एका आजाराला तेवीस रामबाण उपाय कसे, हा प्रश्न तिच्यासारख्या हुशार बाईला पडायला हवा होता. पण आपलं कौतुक चालू असताना मध्येच प्रश्न विचारायची सवय फार थोड्यांना असते.

तिचे वडील पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करायचे. बसने पाच तासांवरच्या गावात त्यांचं दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान होतं. गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "बटण चालू होतं का?" लोक चिडत. एका बाईंनी तर "आम्ही काय अडाणी आहोत का?" म्हणून पंखा उचलून परत नेला होता आणि संध्याकाळी घरी गुपचूप बटण दाबलं होतं. घरातही तोच पाठ. बाहेर पडताना सगळी बटणं बंद झाली पाहिजेत. ही शिस्त तिच्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिसातून निघताना ती आपला कॉम्प्युटर न चुकता बंद करायची, अगदी भिंतीवरच्या बटणासकट. बाकीच्यांचे कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरत असत. ते बघून ती नाक मुरडायची.

तीन वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती रजा काढून जाऊन बसली, आणि चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. तीन दिवस बिल्ड झालेला नाही, प्रयोगशाळा ओरडताहेत, एका दिवसासाठी या, गाडी पाठवतो.

वडिलांना बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी विचारलं, "काय झालंय?"

"बाबा, एक भाग सापडत नाहीये मशीनला."

"तुझं मशीन चालू आहे का तिकडे?"

तिला हसू आलं. "अहो, हे पंख्याचं काम नाही. त्याचा माझ्या मशीनशी काय संबंध? तुम्हाला नाही कळायचं ते."

"कुणाला तरी फोन करून बघायला सांग," ते म्हणाले. "तू कशाला जातेस?"

"उद्या संध्याकाळी परत येते," असं म्हणून ती गेली. सकाळी ऑफिसात पोचली, कॉम्प्युटर चालू केला, आणि निळी वही उघडायच्या आत शेजारचा चष्मेवाला ओरडला की बिल्ड झाला. तो बिचारा तीन दिवस दर दहा मिनिटांनी बिल्ड सुरू करत बसला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "बघा, नुसतं पाऊल ठेवलं." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ही बातमी वडिलांना सांगायला तिने घरी फोन लावला, तो वहिनीने उचलला. वडील पंधरा मिनिटांपूर्वी गेले होते.

त्या दिवसाबद्दल तिने स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. तिथे माझ्यावाचून होणारच नव्हतं. दोन्हीकडे माझी गरज होती आणि एकीकडेच जाता येत होतं. ही समजूत तिला रात्री झोपू द्यायची, म्हणून ती तिला जिवापाड जपत होती.

आता लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. लेक दुसऱ्या शहरात, सासूबाई गुडघ्यांनी बेजार, पहिली खेप. "आई, तू आजोबांच्या वेळेसारखं मध्येच उठून जाणार असशील तर आधीच सांग," लेक फोनवर म्हणाली, "मी दुसरं कुणी बघते." बोलली ती शांतपणे, म्हणूनच जास्त लागलं. नवरा दोन दिवस पेपर तोंडासमोर धरून बसला.

तिने महिन्याची रजा मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुम्ही नसताना एकदा तरी बिल्ड झालाय का?"

"नाही."

"मग आधी तो तुमच्यावाचून होऊन दाखवा. मग महिना काय, दोन महिने जा."

लेकीच्या तारखेला अकरा दिवस राहिले होते. ठरलं असं, की पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बिल्डच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. ती नेहमीसारखी आली, कॉम्प्युटर चालू केला, पर्स खुर्चीला अडकवली आणि खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. साडेदहाला बिल्ड सुरळीत झाला. साहेब खूष. दुसऱ्या दिवशी तिने घरीच थांबायचं ठरलं. बिल्ड आपटला. असेंब्ली सापडली नाही.

साहेबांनी यावर खोल विचार केला आणि निष्कर्ष काढला. "म्हणजे तुम्ही निदान इमारतीत असायला हव्यात," ते गंभीरपणे म्हणाले. या माणसाने गणितात पदवी घेतलेली होती. त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते मनातून पटलं, आणि थोडं बरंही वाटलं. रजा हातची जाते आहे हे दिसत असूनही बरं वाटलं, याची तिला नंतर फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तिच्या रांगेतल्या भिंतीवरचे सॉकेट बदलायला इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. त्याने तिला कॉम्प्युटर चालूच करू दिला नाही. "अर्धा तास दुसरीकडे बसा, ताई." ती चष्मेवाल्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

साडेदहा वाजले आणि बिल्ड आपटला.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. डॉक्टरीणबाई इमारतीत होत्या, त्याच मजल्यावर होत्या, आणि तरी लाल अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर होती. अकरा वर्षांत हा आजार तिने पहिल्यांदाच स्वतः पाहिला. आजवर ती येऊन बसायची तेव्हा तो आधीच पळालेला असायचा.

"थांब," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "हात लावू नकोस. सर्व्हरने तो भाग कुठे कुठे शोधला त्याची पूर्ण नोंद काढ."

नोंद लांबलचक होती. एरवी ती कोणी काढत नसे, कारण डॉक्टरीणबाई असताना वाचतं कोण? प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शोधला, नाही. सामाईक साठ्यात शोधला, नाही. शेवटच्या ओळीत सर्व्हर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरच्या उघड्या ठेवलेल्या फोल्डरकडे गेला होता आणि दार बंद बघून परत आला होता. कॉम्प्युटरचा क्रमांक शून्य चार एक सात.

"चारशे सतरा कुणाचा?" चष्मेवाल्याने उभं राहून विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. नवे कॉम्प्युटर हजाराच्या पुढचे होते.

तिच्या टेबलाखालून इलेक्ट्रिशियनचा आवाज आला. "इथे एक जुना डबा आहे, त्याच्यावर लिहिलंय चार एक सात. धुळीने भरलाय. हा तुमचाच ना, ताई?"

तिला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीत सहा माणसं होती, तेव्हा तो भाग तिनेच आणला होता आणि सगळ्यांना घेता यावा म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. सध्यापुरता. पुढे स्क्रीन बदलले, खुर्च्या बदलल्या, सर्व्हर आला, माणसं चाळीस झाली, आणि तो सध्यापुरता तिथेच राहिला. ती रजेवर गेली की शिस्तीने बटण बंद करून जाई, आणि भाग हरवे.

"माझं झालंय काम," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "बटण बंद आहे तुमचं. चालू करू का?"

तिने मान हलवली. त्याने बटण दाबलं, चष्मेवाल्याने बिल्ड पुन्हा सुरू केला, आणि चार मिनिटांनी हिरवी अक्षरं आली. पोरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. इलेक्ट्रिशियनला वाटलं आपल्यासाठीच वाजताहेत. त्याने बावरून नमस्कार केला.

ती जिन्यात जाऊन पायरीवर बसली आणि रडली. बटण दाबायला कोणीही चाललं असतं. चहावाला चालला असता. साहेबांना एक बोट होतंच. फोनवर एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते वाक्य अंथरुणावरून तिला कोणीतरी सांगितलंही होतं. ती त्या सकाळी तिथे असू शकली असती. ज्या समजुतीवर ती तीन वर्षं झोपत होती ती एका बटणाने गेली. तिला स्वतःचा मनस्वी राग आला, आणि तो ज्याच्यावर काढावा असं दुसरं माणूसही तिथे नव्हतं.

मग तोंड धुऊन तिने तो भाग प्रकल्पाच्या साठ्यात, जिथे अकरा वर्षांपूर्वीच जायला हवा होता तिथे ठेवला. सर्व्हरने तो शोधायचा रस्ता बदलला. कॉम्प्युटर भिंतीवरून बंद केला आणि बिल्ड चालवला. झाला. पुन्हा चालवला. पुन्हा झाला. चष्मेवाल्याने विचारलं, आता डॉक्टरीणबाईंचं काय? ती म्हणाली, "दवाखाना बंद."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मोकळेपणाने हसले. "एवढंच होतं होय? मग जा की मॅडम, महिना कशाला, दोन घ्या." इतक्या झटकन रजा मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. निदान एकदा तरी नाही म्हणतील, अशी आशा होती.

निघण्यापूर्वी दोषाचा अहवाल भरायचा असतो. दोष काय, कारण काय, उपाय काय, हे तिने भरलं. कारणासमोर स्वतःचं नाव लिहिलं. चौथा रकाना होता: दोष प्रथम कोणी लक्षात आणून दिला. तिथे तिने एक नाव आणि एक तारीख सावकाश लिहिली.

साहेबांनी अहवाल वाचला आणि तिला थांबवलं. "मॅडम, ही तारीख तीन वर्षांपूर्वीची पडलीय. आणि हे नाव कुणाचं? आपल्याकडे या नावाचं कुणी कामाला होतं का?"

"नव्हतं," ती म्हणाली. "ते पंखे दुरुस्त करायचे. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला नाही कळायचं."