जिथं कोणी हात लावत नाही

काकांच्या घरी मोलाची वस्तू कधी तिच्या जागेवर सापडायची नाही. शेताचा सातबारा ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, काकूंच्या पाटल्या शिकेकाईच्या पुडीत. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यावर ते वॉचमन होते. "चोर कुठं हात घालतो ते मला बराबर माहीत हाये," म्हणायचे. काकू चिडायच्या, "एक दिवस सातबाऱ्याची भाकर थापीन मी!" काका शांतपणे म्हणायचे, "थाप. चोराला तर भेटणार न्हाई."

ते माझे सख्खे चुलते. आमचं घर धावडा गावचं, पूर्वी मेंढरं राखणारं. बियाण्यांच्या पिशव्यांवरची नावं वाचायला लावून मला अक्षरं त्यांनीच शिकवली. पुढे मी मंठ्याला शिक्षक झालो, तेव्हापासून ते मला मास्तर म्हणत.

त्यांची नोकरी संपल्यावर मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला. एका बोटाने टाइप करत त्यांनी डोंगरावरच्या गवतांची यादी लिहायला घेतली. कोणतं कधी कोवळं असतं, कोणतं मेंढरांना बाधतं, आजोबा त्याला काय म्हणायचे. "मेंढरं गेली, मास्तर. आता नावं पण जाऊन राह्यली."

लॅपटॉप फार संथ झाला होता. "एक अक्षर दाबलं की चहा पिऊन यावं लागतं," अशी त्यांची तक्रार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो मंठ्याला नेला आणि एका दुकानात नवी डिस्क, जास्तीची मेमरी बसवून घेतली. नव्या डिस्कवर कंपनीची मूळ सिस्टिम, पहिल्या दिवशी होती तशी, परत घालायची होती. त्याआधी काकांचे फोटो आणि कागदपत्रं मी स्वतः उतरवून घेतली. जुन्या डिस्कवर 'रिकव्हरी' नावाचा एक भाग राहिला. दुकानदाराने विचारलं, "सर, यात काही हाये का?"

"तिथं कंपनीचंच असतं. सगळी डिस्क पुसून टाका."

पुसलेल्या डिस्कवर त्याने फोटोंची जादा प्रत भरून दिली.

लॅपटॉप परत नेऊन दिला तेव्हा काकांनी बटण दाबलं आणि ते हसले. "घोडाच झाला की रे!" मग बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. "मास्तर, ते रिकव्हरी कुठं गेलं? गवतं तिथं ठेवल्ती मी."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढून घेतला.

"तूच सांगितलं होतं ना, इथं कोणी हात लावत न्हाई म्हणून?"

आम्ही दोघं दुकानात गेलो. पुसलेलं परत मिळतं का बघत दुपारभर पडद्यासमोर बसलो. पुसलेल्या जागेवर आता फोटो बसले होते; काही सापडलं नाही. परतताना एसटीत काकाच माझी समजूत काढत होते, "जाऊ दे. डोक्यात हाये अजून."

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. पण त्याच पावसाळ्यात आजारी पडले. फोन यायचा, "मास्तर, ते खडकाच्या सावलीत येतं ना, त्याचं काय नाव लिहिल्तं मी?" ती यादी मी एकदाही उघडून वाचली नव्हती.

ते गेल्यावर काकूंनी लॅपटॉप माझ्याकडे दिला. नव्या यादीत पवना, मारवेल, कुसळी या गवतांवर पानभर मजकूर आहे. पुढे मजकूर कमी होत जातो. शेवटची नोंद अशी: "खडकाच्या सावलीत येतं. नाव आठवत नाही. आधी लिहिलं होतं."

जुन्या यादीची एखादी प्रत त्यांनी कुठे लपवली असेल, म्हणून मी लॅपटॉपचा कोपरा न् कोपरा पाहिला. मग धावड्याला जाऊन, काकूंना विचारून, पिठाच्या डब्यातही हात घातला.

सातबारा होता.