दाराशी काढलेले बूट

हीटरवर वाळणाऱ्या ओल्या चामड्याचा वास आला, की म्युनिकच्या इंग्रजी चर्चमधला माझा पहिला रविवार आठवतो. गार्चिंगहून यू-बानने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, मी एकटीच गेले होते. गावाकडे आम्ही चर्चमध्ये अनवाणीच बसतो, म्हणून सवयीने बर्फाने भिजलेले बूट दाराशीच काढले. आत बघते तर सगळ्यांच्या पायांत बूट! शेवटच्या बाकाखाली मी पाय लपवले. दाराशी प्रार्थनेची पुस्तकं देणाऱ्या आजी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनीही आपले बूट काढले. उपासना संपल्यावर माझे बूट त्यांनीच हीटरवरून आणून दिले, चांगले ऊबदार. "आल्झो, चल, आता कॉफी," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या रविवारी जाड मोजे घालून ये, फरशी फार गार असते." हल्ली दाराशी पुस्तकं मी देते. पिशवीत जाड मोज्यांचा एक जास्तीचा जोड असतो.