बाळाच्या काखेतली गाठ

आमच्या टेंभी नाक्याजवळच्या आळीत उंदीर मरून पडू लागले, तेव्हा मी सकाळच्या सकाळी बोचकी बांधली. पाण्याचा तांब्या, दशम्या, बाळाचे लंगोट, सुंठ, दोन धुवट लुगडी. यजमानांना कचेरीतून रजा नव्हती. लेक माझ्याकडे पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. तिला आणि नातवाला कल्याणला तिच्या सासरी पोचवायचं, एवढंच माझं काम. काम नेमकं ठरलं की माझा गोंधळ होत नाही, असा तोवर माझा समज होता.

कल्याण स्टेशनावर शिपायांनी गाडीतून उतरवून बायकांना कनातीआड नेलं. तिथे एक नर्सबाई एकेकीची नाडी पाहून काखा चाचपत होती, कारण प्लेगची गाठ तिथे येते. तिनं लेकीला सोडलं, मला सोडलं. मग बाळाच्या कपाळाला हात लावला, काख चाचपली आणि तिथेच थांबली.

“अंग तापलंय. आणि काखेत हे काय?”

मी चाचपलं. सुपारीसारखी गाठ लागली.

“तुमच्याकडे उंदीर पडलेत?”

खोटं बोलायचं सुचलंच नाही. “पडलेत,” मी म्हणाले.

“मग याला इस्पितळाच्या झोपड्यांत न्यावं लागेल. आई जाईल बरोबर.”

त्या झोपड्यांत प्लेगचे खरे रोगी होते. ही गाठ प्लेगची नसली, तरी तिथे गेल्यावर प्लेग होईल, एवढं मला कळत होतं. पण ती कसली होती? आठवड्यापूर्वीच लस टोचून बाळाच्या देवी काढल्या होत्या. गावात एवढी पळापळ चाललेली, तरी देवी काढणारा आपल्या वेळेला येऊन दंडावर टोचून गेला होता. देवी काढल्या की काख अवघडते, हे मी माझ्या मुलांच्या वेळी पाहिलं होतं. उंदीरही पाहिले होते. दोन्ही डोळ्यांपुढे, आणि खरं कुठलं धरावं ते कळेना.

“बाई, दंडाला देवी काढल्यात. पट्टी सोडून बघा.”

तिनं हात पुढे केला, तशी लेक मागे सरली. “आई, नाही! खपल्या पडेपर्यंत दंडाला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, सासूबाईंनी बजावलंय. शीतळाई अंगावर आहेत त्याच्या.”

“अगं, तो टोचणारा परका नव्हता का?”

“तो हात लावून गेला, मग त्या आल्या. आता नाही चालत.”

मला तर तिचंही पटल्यासारखं झालं.

नर्सबाई वैतागली. “टोचणारा सरकारचा, मीही सरकारची. त्यानं काय केलं ते मला स्वप्नात दिसणार आहे? सोडा ती पट्टी, नाहीतर शिपायाला हाक मारते.”

“थांबा,” मी म्हणाले. “मी परकी नाही ना गं?”

लेकीनं बाळाचा दंड माझ्यापुढे केला. मी हळदीची पट्टी सोडली, कडुलिंबाचा पाला बाजूला केला. फोड टच्च भरलेले, लाली पार काखेपर्यंत उतरलेली. नर्सबाईनं दंडाला बोट न लावता वाकून निरखून पाहिलं. मग दुसरी काख आणि जांघा तपासल्या. तिथे काही नव्हतं.

“देवींचीच असावी.”

“असावी म्हणजे?”

“म्हणजे घरी न्या. आमचा माणूस रोज येऊन बघेल. ताप चढला तर लपवू नका. चला, पुढे कोण आहे?”

विहीणबाईंच्या दारात पाय ठेवताच मी सांगून टाकलं, “पट्टी मी सोडली. हिला बोलू नका.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “नर्सबाईनं वाकून पाहिलं? आणि बोट नाही लावलं?”

“दंडाला नाही.”

“मग शीतळाईंचं दर्शनच घेतलं की तिनं. म्हणून तर सोडलं तुम्हाला.”

सरकारी माणूस खरोखरच रोज सकाळी येई. विहीणबाई त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून लांबून दंड दाखवत. तोही मान डोलावून पुढच्या घरी जाई. ताप उतरला, गाठ जिरली. ती कसली होती हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. नर्सबाईलाही येत नसावं. विहीणबाईंना मात्र येतं.