चांदीचे मोजे आणि मेंदूच्या पेशी

परळच्या आमच्या लॅबमध्ये शोध कमी लागतात, फजित्या जास्त होतात. शोध लिहून ठेवावे लागतात. फजित्या मंडळी आपणहून लक्षात ठेवतात. त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच, म्हणून सांगायचा हक्कही माझाच.

आमचं काम असं. क्रीम, टूथपेस्ट, मोजे अशा रोजच्या वस्तूंत हल्ली धातूंचे अतिसूक्ष्म कण घालतात, नॅनोकण. ते मेंदूच्या पेशींपर्यंत पोचले तर काय होईल, हे आम्ही काचेच्या बशीत पेशी वाढवून बघतो.

*

वास येऊ नये म्हणून चांदीचे कण घातलेले मोजे मिळतात. धुताना त्यातली किती चांदी पाण्यात उतरते, ते मोजायचं होतं. "वापरलेले हवेत," आमच्या लॅबप्रमुख मॅडम म्हणाल्या. मी निष्ठेने आठवडाभर तीच जोडी घालून लालबागहून चालत आलो. सातव्या दिवशी मोजे टेबलावर काढून ठेवले. मॅडमनी उठून खिडकी उघडली.

"सावंत, वासाचा दावा खोटा आहे, एवढं मशीनशिवाय सिद्ध झालं."

*

पुढे त्याच चांदीचा डोस दिलेल्या पेशी एका सकाळी सगळ्या मेलेल्या दिसल्या. मी हरखलो. दोन दिवसांत आलेख तयार, पेपरचं शीर्षकसुद्धा तयार. मग माझी सहकारी शीतल म्हणाली, "अरे, चांदी न घातलेल्या पेशी बघितल्यास का?"

त्याही मेल्या होत्या. पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं दार मीच नीट लावलं नव्हतं.

"चांदी निर्दोष सुटली," मॅडम म्हणाल्या. "आता तुझी चौकशी."

*

मध्यंतरी वाचून वाचून मलाच धास्ती बसली. पेस्ट पांढरीशुभ्र दिसावी म्हणून घालतात त्या कणांच्या भीतीने मी पेस्टच सोडली. वर्षभर मिठाच्या पाण्याच्या चुळा. बिल्डिंगमध्ये सल्लेही वाटले. मग दाढ ठणकायला लागली. दादरच्या डेंटिस्टनी माझं सगळं स्पष्टीकरण शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या मेंदूचं मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "दाढ मात्र गेली."

*

आईचा उजवा हात गेलं वर्षभर थरथरतोय. औषधं चालू आहेत. परवा दुपारी डॉक्टरकडे निघताना तिने उन्हात लावायचं क्रीम माझ्यापुढे धरलं. ते दर वेळी मीच आणतो.

"ह्येच्यात तुजे ते कण आसतत?"

"असतात."

तिने हात पुढे केला. "ह्या त्येंनीच झाला काय रे?"

मी सुरू झालो. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. कातडी बरंच अडवते. डोस किती, पुरावा किती. दहा मिनिटं बोललो असेन. थरथरता हात दुसऱ्या हातात धरून ती ऐकत होती. मी मात्र सगळा वेळ त्या ट्यूबकडेच बघत होतो.

"बरा," ती म्हणाली. "मगे तूच लाव. माजो हात हलता."

मी बोटावर क्रीम घेतलं. तिने डोळे मिटून चेहरा वर केला. कपाळ झालं, नाक झालं, गाल झाले.

"कानाक पण," ती म्हणाली.