मोबाईलमधलं मयताचं पत्र

शिवाजी पेठेत आमच्या शेजारी धोंडुबाई राहायच्या. मुलगा सयाजी मालवाहू जहाजावर. भर समुद्रातनं फोन लागायचा नाही, म्हणून २००९ साली त्यानं आईला ईमेल येणारा मोबाईल आणून दिला. इंग्रजी अक्षरांतलं त्याचं मराठी त्या एकेक अक्षर लावून वाचायच्या.

एकदा मी शाळेत शिकवून दमून आले, तर त्या दारातच बसलेल्या. "बाई, तीन आठवडं झालं, पोराचं काय न्हाय. बघा की जरा."

उघडून पाहिलं, तर मोबाईलमधलं ईमेलचं खातंच गेलेलं. "तुम्ही काही पुसलंत का?" मी विचारलं.

त्या खाली बघत म्हणाल्या, "मामेभाऊ गेल्याची मेल आलती. मयताचं पत्र वाचून फाडायचं असतंय, घरात ठेवत न्हाईत. हे फाडता येईना, मग सगळंच काढलं. आंघोळ बी केली."

मला हसायचंही त्राण नव्हतं. पासवर्ड देव्हाऱ्यात, अंबाबाईच्या तसबिरीमागं लिहिलेला होता. पत्ता, पासवर्ड पुन्हा घातला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा देवीचं नाव घेऊन घातला, तेव्हा मेल उतरायला लागल्या. सयाजीच्या चार होत्या. शेवटची कालचीच : आई, उत्तर का देत नाहीस? बरी आहेस ना?

धोंडुबाईंनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "ती भावाची बी आली असंल की परत."

आली होती. मी तेवढी एकच पुसली, त्यांच्या समाधानासाठी हात धुतले आणि सयाजीला उत्तर लिहायला बसले.