कात्रीनं कापलेल्या गोळ्या

गिऱ्हाईक नसलं की चाची अंबाड्यातला आकडा काढायच्या, एक डोळा मिटायच्या आणि कानात फिरवत बसायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी काडेपेटीची काडी घालतं, कुणी गाडीची चावी. मळ निघाला की चाची आकडा पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "कान साफ तर डोकं साफ." आकडा परत अंबाड्यात.

नायगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि माझं मेडिकल, मध्ये एकच भिंत. बांगड्या भरताना एखादी नवरी कळवळली की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "आत्ताच रडून घेती का? सासरी काय करशील मग?" नवरी हसायची, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची.

लातूरहून माल आला की चाची बांगड्यांची जुडी कानाशी हलवायच्या. आवाज बद्द आला की आत एखादी तडकलेली आहे हे कळायचं. "हिचा गळा बसलाय, घेऊन जा," असं त्या मालवाल्याला सुनवायच्या. धंदा सगळा कानावर.

तोच कान दुखायला लागला.

"भैया, दोन गोळ्या दे. अख्खं पाकीट कशाला, मी काय म्हैस हाय?"

आमच्याकडे मेडिकलच्या काउंटरवर कात्री असतेच. मी पाकीट कापून दोन गोळ्या दिल्या. अँटिबायोटिक अर्धवट सोडू नये हे मी शिकलेलो होतो. त्यांना साखर आहे हेही ठाऊक होतं, ते औषध माझ्याकडूनच जायचं. एकदा पुटपुटलो, कोर्स पुरा करा. तर म्हणाल्या, दुखणं गेल्यावर गोळी कुणाला खाऊ घालू? मी हसलो.

दुखणं थांबायचं, कान पुन्हा ठणकायचा. मी पुन्हा कात्री घ्यायचो. पुढे मीच मनानं जास्त ताकदीची गोळी देऊ लागलो. डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या; माझा शब्द मोडत नव्हत्या. पण "आमचा भैया डॉक्टरपेक्षा भारी हाय" असं त्या बायकांना सांगायच्या, आणि ते मला आवडत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका सकाळी त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मुलाबरोबर मीही नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, कानातला मळ म्हणजे घाण नव्हे, तो जंतूंना अडवतो. तो रोज खरवडला, कातडी सोलली, त्यात साखर. जंतू हाडापर्यंत गेलेत. आणि अर्धवट गोळ्या खाऊन ते इतके निर्ढावलेत की साध्या औषधाला दाद देत नाहीत.

"कुणी दिल्या या गोळ्या?"

मी खिडकीकडे बघत होतो. चाची वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "घरात पडल्या होत्या. त्याच खाल्ल्या."

मुलगा आईला रागे भरला. मी ऐकून घेतलं.

महिनोन्महिने इंजेक्शनं झाली. जीव वाचला, तो कान गेला. दुसऱ्या कानानंही फारसं ऐकू येईना. आकडा त्यातही फिरलेला होताच. तडकलेल्या बांगड्या गिऱ्हाइकांच्या हातात जाऊ लागल्या, भांडणं झाली. मुलानं तिथं मोबाईलची कव्हरं मांडली. चाची घरी बसल्या.

एकदा सगळं कबूल करायचं ठरवून गेलो. सून अंगणात भांडी घासत होती. हळू बोललो तर चाचींना ऐकू येईना, आणि ओरडून सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी ओरडून विचारलं ते एवढंच, साखर कशी आहे? त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

थंडीत त्या गेल्या. गल्लीत माणसं जमली होती. मी मागे, लाईटच्या खांबाजवळ उभा होतो. मुलानं मला पाहिलं आणि हिमायतनगरहून आलेल्या मामांना सांगितलं, "अम्मीची सगळी दवा हेच बघत होते."

मामांनी बाजूच्यांना खूण केली. लोकांनी सरकून मला जनाज्यापाशी जागा दिली. मी खांदा दिला.